मुकुटाआधी हिशेब

सन्मानांची एखादी यादी जाहीर झाली की दोन दिवसांत दोन तट पडतात. एक म्हणतो, समाजासाठी झिजणाऱ्यांची अखेर दखल घेतली गेली, आता तरी नाकं मुरडू नका. दुसरा म्हणतो, खरं काम करणाऱ्याला कसले आलेत पुरस्कार, हे सगळे आपल्याच माणसांची पाठ थोपटण्याचे उद्योग. पहिल्यांना दुसरे कुजकट वाटतात, दुसऱ्यांना पहिले भाबडे. पण दोघंही एकच गोष्ट गृहीत धरून भांडत असतात. सन्मान म्हणजे ज्याला तो मिळतो त्याचा प्रश्न, असं दोघांनाही वाटतं. तो लायक आहे का, त्याला गरज आहे का, त्यानं घ्यावा की नाकारावा, यावरच सगळी शाई खर्च होते. देणाऱ्यांकडे कोणी मान वळवून बघत नाही. माझं म्हणणं असं की स्थानिक पातळीवर काम उभं करणाऱ्या माणसांचा सन्मान झालाच पाहिजे, मात्र त्याची खरी जबाबदारी देणाऱ्यावर आहे. या माणसानं नेमकं काय केलं, कोणाच्या जोरावर केलं, त्यातलं काय टिकलं आणि तो हे करत असताना आपण बाकीचे काय करत होतो, हे तपासून चारचौघांत सांगणं म्हणजे सन्मान. तेवढी तयारी नसेल तर कार्यक्रम रद्द केलेला बरा.

हा प्रश्न स्थानिक कार्यकर्त्यांच्या बाबतीतच जास्त टोकदार का होतो? मोठ्या गायकाचा किंवा खेळाडूचा सन्मान चुकला तरी फारसं बिघडत नाही, कारण त्याचं काम सगळ्यांनी पाहिलेलं, ऐकलेलं असतं. वस्तीत काम करणाऱ्याचं बहुतेक काम दिसत नाही, कारण त्याचं यश कशाच्या तरी न घडण्यात असतं. पेटता पेटता राहिलेली दंगल, शाळा सुटता सुटता टिकलेली मुलगी, फसव्या कर्जाच्या कागदावर न झालेली सही, यांचा फोटो निघत नाही. अशा कामाबद्दल कोणीतरी बोलल्याशिवाय ते झालं हेच कळायला मार्ग नसतो. आणि नेमकं इथंच आपण तोंडाला कुलूप लावतो. मानपत्रात काय लिहिलेलं असतं? ‘सामाजिक क्षेत्रातील उल्लेखनीय योगदानाबद्दल.’ वरचं नाव खोडून दुसरं घातलं तरी मजकुराचा कानामात्रा बदलावा लागत नाही.

त्या आधीची पायरी तर आणखी मासलेवाईक आहे. पुष्कळ पुरस्कारांसाठी प्रस्ताव मागवतात. कार्याचा अहवाल, छायाचित्रं, वर्तमानपत्रांतली कात्रणं, शिफारसपत्रं, सगळं एका फाइलमध्ये, इतक्या प्रतींत, अमुक तारखेच्या आत. म्हणजे स्वतःच्या थोरवीचे पुरावे माणसानं स्वतःच गोळा करायचे. ज्याला फाइल करता येते किंवा करून घेता येते तो यादीत जातो. अडलेल्या बायकांना रात्री-अपरात्री दवाखान्यात पोचवणाऱ्या बाईकडे छायाचित्रं कुठून येणार? फोटो काढायला तिसरं माणूस लागतं आणि त्या वेळी तिथं त्या दोघीच असतात.

लंडनमधल्या ‘पोस्टमन्स पार्क’ नावाच्या छोट्या बागेत एक भिंत आहे. जॉर्ज फ्रेडरिक वॉट्स या चित्रकारानं १८८७ साली, राणी व्हिक्टोरियाच्या राज्याला पन्नास वर्षं झाली त्या निमित्तानं, सुचवलं होतं की दुसऱ्याचा जीव वाचवताना मेलेल्या सामान्य माणसांचं स्मारक करा. सरकारी पातळीवर कोणी फारसं मनावर घेतलं नाही, शेवटी त्यानं स्वतःच ते उभं केलं आणि १९०० साली ती भिंत खुली झाली. तिच्यावरच्या फरशा वाचण्यासारख्या आहेत. ॲलिस आयर्सच्या फरशीवर ती गवंड्याच्या हाताखालच्या मजुराची मुलगी होती हे आहे, युनियन स्ट्रीटवरच्या जळत्या घरातून तिनं तीन मुलं वाचवली हे आहे आणि १८८५ सालच्या एप्रिलमधली तारीखही आहे. विशेषणं जवळजवळ नाहीतच. कोण, कुठं, कधी, काय, एवढंच. वाचणाऱ्याला ती बाई कळते आणि तिच्या थोरवीचा निर्णय तो स्वतः करतो. मानपत्र लिहिणाऱ्यांनी महिनाभर विशेषणांचा उपास केला तर त्यांनाही हे जमेल.

आता विरोधकांच्या बाजूकडे वळू, कारण त्यांचं म्हणणं वाटतं तितकं पोकळ नाही. पहिला मुद्दा असा की निरपेक्ष काम करणाऱ्याला बक्षीस दिलं की त्या निरपेक्षतेलाच कीड लागते. हा केवळ नैतिक टेंभा नाही. स्वित्झर्लंडमध्ये १९९३ साली अणुकचरा आपल्या हद्दीत साठवू द्याल का, असं एका भागातल्या लोकांना विचारलं तेव्हा निम्म्याहून थोडे जास्त लोक हो म्हणाले. पैसे देऊ, असं सांगून पुन्हा विचारल्यावर हो म्हणणारे जवळजवळ एक चतुर्थांशावर आले. पैसा आला आणि नागरिक म्हणून दिलेला होकार सौदा होऊन बसला. याला कोणी म्हणेल, ती पैशाची गोष्ट झाली, सन्मानाचं तसं नसतं. तर तेही इतकं सरळ नाही. अमेरिकेत पंधरा हजारांहून अधिक शाळकरी मुलांवर एक प्रयोग झाला, तो २०२१ साली प्रसिद्ध झाला. आधीच्या एका महिन्यात पूर्ण हजेरी लावलेल्या मुलांपैकी काहींना घरी प्रमाणपत्रं पाठवली. पुढच्या महिन्यात त्यांची हजेरी वाढली नाही, उलट ज्यांना काहीच पाठवलं नव्हतं त्यांच्यापेक्षा ती थोडी घसरली. अभ्यासकांनी लावलेला अर्थ असा की प्रमाणपत्रानं त्या मुलांना न बोलता कळवलं, तू इतरांपेक्षा जास्तच करतोयस, एवढ्याची अपेक्षा नव्हती.

हा निष्कर्ष मला मान्य आहे आणि तो आपल्या सत्कारांनाही लागू पडतो. शिक्षक रोज वर्गावर गेला म्हणून त्याला आदर्श ठरवायचं, अधिकाऱ्यानं लाच घेतली नाही म्हणून त्याला व्यासपीठावर बसवायचं, यातून समाज काय जाहीर करतो? की वर्गावर न जाणं आणि लाच घेणं ही आपली नेहमीची रीत आहे. पण याच्या जोडीला दुसरा एक प्रयोग ठेवून बघा. विकिपीडियाच्या जर्मन आवृत्तीत नव्यानं लिहू लागलेल्या काही लोकांना याना गॅलस या संशोधिकेनं तिथल्या अनुभवी संपादकांच्या मदतीनं एक साधा सन्मान दिला. पैसा नाही, समारंभ नाही, पानावर एक चिन्ह आणि नावांची यादी. त्यानंतर टिकून लिहीत राहणाऱ्यांचं प्रमाण सुमारे २० टक्क्यांनी वाढलं. मग शाळेत उलटलेली गोष्ट इथं कशी साधली? माझ्या मते फरक देणाऱ्यांत आहे. इथं काम जाणणाऱ्या, तेच काम करणाऱ्या लोकांनी ते पाहून ओळख दिली. शाळेत एका यंत्रणेनं आकडा पाहून कागद धाडला. तेव्हा सन्मान माणसाला बिघडवतो का, या प्रश्नाला एक उत्तर नाही. कोणी, कशावरून आणि काय म्हणून दिला, यावर ते अवलंबून आहे.

दुसरा आक्षेप याहून जड आहे. सन्मान हे सत्तेचं चलन होतं आणि सगळ्यात स्वस्त पडतं. इंग्लंडच्या पहिल्या जेम्सनं १६११ साली ‘बॅरोनेट’ ही नवी पदवी काढली ती तिजोरी भरायला, आणि तिचा दर ठरवून दिला होता, १,०९५ पौंड. तीनशे वर्षांनी पंतप्रधान लॉइड जॉर्जच्या काळात पदव्यांचा बाजार इतका उघडा झाला की १९२५ साली तो रोखायला कायदा करावा लागला. आपल्याकडे परक्या सरकारनं रावसाहेब आणि रावबहादूर यांची पेरणी केली ती थेट स्थानिक पुढाऱ्यांतच. गावात, पेठेत ज्याचा शब्द चालतो त्याला एक बिरुद द्यायचं, मग तो शब्द आपल्या बाजूनं चालतो. त्यांतल्या काहींनी खरोखर शाळा काढल्या, विहिरी बांधल्या, हेही खरं. पण बिरुदाचा दोर कोणाच्या हातात आहे हे त्यांना ठाऊक होतं. म्हणून जालियनवाला बागेनंतर १९१९ मध्ये रवींद्रनाथांनी ‘सर’ ही पदवी टाकली आणि १९२० मध्ये गांधींनी कैसर-ए-हिंद पदक परत केलं, तेव्हा ती केवळ नाराजी नव्हती. दोर कापल्याची ती जाहीर खूण होती. स्वतंत्र भारताच्या घटनेनं कलम १८ मध्ये पदव्याच बंद केल्या. १९७७ साली आलेल्या सरकारनं पद्म पुरस्कारही थांबवले, ते १९८० मध्ये पुन्हा सुरू झाले. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की हे पुरस्कार म्हणजे पदवी नव्हे, मात्र नावाच्या मागेपुढे ते लावता येणार नाहीत. तरी निमंत्रणपत्रिकांवर ते सर्रास लावले जातात, हा भाग वेगळा.

एवढा इतिहास समोर असताना सगळे सन्मान बंद करून टाका, असं कोणी म्हटलं तर त्याला वेड्यात काढता येत नाही. अडचण अशी की सन्मान बंद करता येतात, मान देण्याची हौस बंद करता येत नाही. सार्वजनिक, नियमांनी बांधलेला सन्मान काढून घेतला की जागा रिकामी राहत नाही. ती फलक लावण्याची ऐपत असणाऱ्यांकडे जाते. चौकाचौकांतले वाढदिवसाचे फलक कोणत्या निवड समितीनं मंजूर केलेले असतात? स्वतःच्या खर्चानं स्वतःला ‘कार्यसम्राट’ म्हणवून घेणाऱ्याला कोणताही कायदा अडवत नाही. तेव्हा प्रश्न मान द्यायचा की नाही हा उरतच नाही. तो कोणत्या शिस्तीनं द्यायचा, एवढाच उरतो.

ही शिस्त शोधायला फार मागं, प्राचीन अथेन्सपर्यंत जावं लागतं. तिथं नगरासाठी काही केलेल्या माणसाला मुकुट देण्याचे ठराव होत, ते दगडावर कोरत, आणि इतरांनाही असं काही करावंसं वाटावं हा हेतू ठरावातच लिहीत. यातलं बरंचसं आपल्या ओळखीचं आहे. ओळखीचा नाही तो एक नियम. पदावर असलेल्या माणसाला त्याच्या कारभाराची तपासणी पूर्ण झाल्याशिवाय मुकुट देता येत नसे. याच नियमावर इसवी सनापूर्वी ३३० मध्ये एक गाजलेला खटला उभा राहिला. क्टेसिफॉन नावाच्या माणसानं डेमॉस्थेनीस या पुढाऱ्याला सोन्याचा मुकुट देण्याचा ठराव मांडला होता. डेमॉस्थेनीसचा विरोधक एस्किनीस यानं क्टेसिफॉनला कोर्टात खेचलं. आक्षेप असा की डेमॉस्थेनीसकडे तटबंदीच्या दुरुस्तीचं काम होतं आणि त्याचा हिशेब अजून व्हायचा होता. डेमॉस्थेनीसचा बचाव आजही रोज कानावर पडतो: मी तर पदरमोड करून तट बांधला, दिलेल्या देणगीचा कसला हिशेब मागता? एस्किनीसचं उत्तर असं की पद घेतलंस म्हणजे हिशेब आला, खिशातले घातलेस तरी.

खटला एस्किनीस हरला. एक पंचमांश मतंही त्याला पडली नाहीत आणि त्याला अथेन्स सोडावं लागलं. त्याच्या मनात जुनं राजकीय वैर होतं, तो काही धुतल्या तांदळासारखा नव्हता, आणि डेमॉस्थेनीसचं वक्तृत्व त्याला भारी पडलं. पण मुद्द्यात तो बरोबर होता असंच मला वाटतं. त्यानं कोर्टाला जुन्या दिवसांची आठवण करून दिली होती. जुलमी राजवट उलथवायला फायली नावाच्या ठाण्यावर जे मूठभर लोक लढले, त्यांना नगरानं दिला तो ऑलिव्हच्या डहाळीचा मुकुट, आणि पूजेअर्चेसाठी जी रक्कम दिली ती माणशी दहा द्राख्मांपेक्षाही कमी भरली. शिवाय वेढ्याच्या वेळी तिथं खरोखर कोण होतं याची आधी चौकशी करा, असं नगराच्या परिषदेला बजावण्यात आलं होतं. लोकशाही परत आणणाऱ्यांचीसुद्धा हजेरी तपासली गेली. यात कोणाला अपमान वाटला असेल असं नाही, कारण मागाहून येऊन ‘मीही होतो’ म्हणणाऱ्यांची गर्दी सगळ्यात जास्त कोणाला खुपत असेल? जे खरोखर तिथं होते त्यांनाच.

हिशेबाआधी मुकुट दिला की काय होतं, याचं ताजं उदाहरण ब्रिटनच्या टपालखात्याचं आहे, आणि ते तर शब्दशः स्थानिक पुढाऱ्यांचं आहे. तिथला उप-पोस्टमास्तर म्हणजे खेड्यातला खांब. म्हाताऱ्यांची पेन्शन त्याच्या खिडकीवर, कोणाला काय हवं-नको ते त्याला ठाऊक. १९९९ पासून या टपाल कार्यालयांत ‘होरायझन’ ही संगणकप्रणाली आली. ती चुकीची तूट दाखवू लागली आणि २०१५ पर्यंत ९०० हून अधिक लोक चोरी, अफरातफर, खोटे हिशेब अशा गुन्ह्यांखाली दोषी ठरले. काही तुरुंगात गेले, कित्येकांचं दिवाळं निघालं, शेजाऱ्यांनी तोंड फिरवलं. आपल्याच टपाल कार्यालयातून काढून टाकलेले ॲलन बेट्स यांनी अशा लोकांना शोधून एकत्र केलं आणि ५५५ जण मिळून कोर्टात गेले. खटला चालू होता, तेव्हाच २०१९ च्या सन्मानयादीत संस्थेच्या मुख्याधिकारी पॉला व्हेनेल्स यांना ‘सीबीई’ हा सरकारी सन्मान मिळाला. कशासाठी? टपालखाते आणि धर्मादाय कार्य यांच्या सेवेबद्दल. त्याच वर्षीच्या डिसेंबरात कोर्टानं प्रणालीतले दोष मान्य केले. २०२४ च्या जानेवारीत दहा लाखांहून अधिक सह्यांचं निवेदन आल्यावर व्हेनेल्स यांनी तो सन्मान परत करायची तयारी दाखवली आणि पुढच्या महिन्यात तो अधिकृतपणे काढून घेण्यात आला. बेट्स यांनाही ‘ओबीई’ हा तसाच सन्मान देऊ केला होता. त्यांनी तो नाकारला होता, कारण व्हेनेल्स यांचा सन्मान तेव्हा कायम होता. कोणाला मान द्यायचा हे कळायला इथं दिव्यदृष्टी लागत नव्हती. कोर्टात प्रकरण आहे, निकाल येईपर्यंत थांबू, एवढी अथेन्सची अक्कल पुरली असती.

तिसरा आक्षेप मला स्वतःला सगळ्यात जास्त पटतो. एका माणसाला पुढं बसवलं की मागचे पन्नास अंधारात जातात. १८५४ साली लंडनच्या ब्रॉड स्ट्रीट भागात पटकीनं थैमान घातलं, सहाशेच्या वर माणसं दगावली. डॉक्टर जॉन स्नो यांनी रोगाचं मूळ सार्वजनिक पंपाच्या पाण्यात शोधलं, ही गोष्ट जगभर सांगतात. हेन्री व्हाइटहेड हे नाव फार थोड्यांना ठाऊक असतं. तिशीही न ओलांडलेला हा तिथला पाद्री. त्याला स्नोचं म्हणणं पटलेलं नव्हतं, ते खोडून काढायलाच तो निघाला. पण घराघरांतली माणसं त्याच्या ओळखीची, कोण कुठल्या मजल्यावर मेलं आणि कोणी कुठलं पाणी प्यायलं हे विचारायला तो एकेका घरी चार-चार वेळा जाऊ शकत होता. त्यातूनच त्याला कळलं की साथ भडकण्याआधी ४० नंबरच्या घरात एक तान्हं बाळ आजारी पडलं होतं आणि त्याचे कपडे धुतलेलं पाणी आई घरापुढच्या मैलाखड्ड्यात ओतत होती. खणून पाहिलं तर तो खड्डा पंपाच्या विहिरीला जवळजवळ चिकटून, आणि गळका. स्नोची विद्या खरी, पण तो पुरावा पुरा झाला तो दारं ठोठावणाऱ्या माणसामुळे. आज त्या रस्त्यावर पंपाची प्रतिकृती आहे, शेजारच्या दारूच्या गुत्त्याला स्नोचं नाव आहे. स्नो तर दारू न पिणारा होता, पण ते असो. आणि त्या आईनं विचारणाऱ्याला खरं सांगितलं नसतं तर?

अमेरिकेतल्या माँटगोमेरी शहरात काळ्या लोकांनी बसमधल्या वर्णभेदाविरुद्ध केलेला बस-बहिष्कार म्हटलं की रोझा पार्क्स आठवतात. त्यांच्या अटकेच्या रात्रीच जो ॲन रॉबिन्सन या प्राध्यापिकेनं कॉलेजच्या यंत्रावर हजारो पत्रकं छापली नसती तर चौथ्या दिवशी बसगाड्या रिकाम्या धावल्या नसत्या, आणि ३८१ दिवस लोकांनी पायपीट केली नसती. जॉर्जिया गिलमोर ही स्वयंपाकीण तर याहून विलक्षण. तिनं बायकांचा एक गट केला, त्या घरी पदार्थ करून विकत आणि पैसे चळवळीच्या गाड्यांच्या पेट्रोलसाठी देत. गटाचं नाव ठेवलं ‘क्लब फ्रॉम नोव्हेअर’, म्हणजे पैसे कुठून आले असं कोणी विचारलं तर ‘कुठूनच नाही’ असं खरं-खरं सांगता यावं. कारण नावं कळली असती तर त्या बायकांची कामं गेली असती, घरं गेली असती. अशा वेळी कोणी हौसेनं सत्कार ठेवला असता तर? काही कामं निनावी राहण्यावरच जगतात. तिथं जाहीर कौतुक करणं म्हणजे चुगली करणं. तेव्हा एखाद्याचं नाव पुकारण्याआधी त्याला विचारायचं असतं, आणि तो नको म्हणाला तर कारणाची उलटतपासणी करायची नसते.

म्हणून कोणाचंच नाव घेऊ नये का? नाही. एकाचं नाव घेताना गोष्ट पुरी सांगावी. नोबेल समितीनं २००६ साली शांतता पुरस्काराचा अर्धा वाटा बांगलादेशच्या मुहम्मद युनूस यांना आणि अर्धा, गरिबांना छोटी कर्जं देणाऱ्या त्यांच्या ‘ग्रामीण बँके’ला दिला, आणि बँकेच्या वतीनं तो घ्यायला एक कर्जदार सभासद व्यासपीठावर होती. त्या बँकेच्या कारभाराबद्दल पुढं वाद झाले ते झाले, पण पुरस्कार देण्याची ती पद्धत चांगली होती. एवढा मोठा पुरस्कार दोघांत वाटता येतो, तर आपल्या सभागृहातल्या खुर्च्या एवढ्या मोजक्या का?

आता एक आक्षेप असा, जो विरोधक घेत नाहीत पण त्यांनी घ्यायला हवा. आपण मान देतो तो बहुधा काम निरुपद्रवी झाल्यावर. धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ मध्ये विधवेशी पुनर्विवाह केला तेव्हा त्यांच्याच मुरूडनं त्यांना वाळीत टाकलं. पुढं हिंगण्याला झोपडीत विधवांसाठी आश्रम काढला, तेव्हा कॉलेजातलं शिकवणं आटोपून ते तिथवर पायी जात. भारतरत्न मिळालं १९५८ मध्ये, वयाच्या शंभराव्या वर्षी. तोवर विधवाविवाहाला उघड विरोध करणारं कोणी प्रतिष्ठित उरलं नव्हतं. वरातीमागून घोडं याहून वेगळं काय असतं? केनियाच्या पर्यावरण-कार्यकर्त्या वांगारी मथाई यांनी १९८९ मध्ये नैरोबीच्या उहुरू पार्कमधल्या सरकारी मनोऱ्याला विरोध केला, तेव्हा त्यांची संसदेत टर उडवली गेली आणि त्यांच्या संघटनेला कचेरी खाली करावी लागली. २००४ मध्ये नोबेल मिळाल्यावर त्या देशाचा अभिमान झाल्या.

जोतीराव फुले यांच्या बाबतीत तर चक्र उलटं फिरलं आणि त्यामुळे माझाच युक्तिवाद थोडा अवघड होतो. शाळांच्या कामाबद्दल त्यांचा जाहीर गौरव पुण्यात विश्रामबागवाड्यात झाला, नोव्हेंबर १८५२ मध्ये, आणि तो केला परक्या सरकारनं, मेजर कँडी यांच्या हस्ते. आपल्या समाजातले बहुतेक प्रतिष्ठित तेव्हा विरोधात होते. ‘जवळचे लोक काम जास्त ओळखतात’ असं जे मी वर सुचवलं, ते इथं साफ चुकतं. जवळचे लोक ओळखतात, पण त्यांना ते काम खुपतही असतं. लोकांनी आपण होऊन त्यांना ‘महात्मा’ म्हटलं ते ११ मे १८८८ रोजी मुंबईत मांडवीच्या सभेत, छत्तीस वर्षांनी. आज कोणाच्या तोंडी कोणता सन्मान राहिला? सरकारी गौरवाची नोंद चरित्रात सापडते, लोकांनी दिलेलं नाव मात्र त्यांच्या नावाला कायमचं चिकटलं. त्या सभेतले लोक कोण होते? ज्यांच्यासाठी ते काम होतं, ते. तेव्हा जवळचे की लांबचे हा निकषच अपुरा आहे. ज्यांच्या आयुष्यात त्या कामानं फरक पडला, त्यांचा शब्द शेवटचा असावा.

याचा व्यवहारात अर्थ एवढाच की निवड समितीत प्रायोजक आणि पदाधिकारी यांच्याऐवजी त्या कामाशी गाठ पडलेली माणसं बसवावीत. जी मुलगी शाळेत टिकली तिला विचारा, ज्याचं कर्ज फिटलं त्याला विचारा, आणि ज्याला मदत मिळाली नाही त्यालाही विचारा. फाइल उमेदवारानं नव्हे, समितीनं तयार करावी. ती करताना दोन पायऱ्या जास्त चढाव्या लागतील, दोन वेळा जास्त दार वाजवावं लागेल, व्हाइटहेडनं वाजवलं तसं. एवढा वेळ कोणाला आहे, असं यावर हमखास विचारतात. ज्यांना वीस वर्षांचं काम समजून घ्यायला वीस तास नाहीत, त्यांनी मान देण्याचा अधिकार तरी का सांगावा? दरवर्षी देणं जमत नसेल तर तीन वर्षांनी द्या. अकरा जणांऐवजी दोघांना द्या. एखाद्या वर्षी कोणीच सापडलं नाही असं म्हणण्याचं धैर्य दाखवा.

आणि दिलं काय, हेही बघायला हवं. एकटीनं वाचनालय चालवणाऱ्या बाईला चषक देऊन घरी पाठवलं, तर उद्या सकाळी कुलूप उघडायला पुन्हा तीच एकटी जाते. त्याऐवजी आठवड्यातले दोन दिवस आम्ही उघडू, असं चौघांनी त्या व्यासपीठावरून नावानिशी सांगितलं तर? निधीसाठी कचेऱ्यांच्या खेपा घालणाऱ्याला सत्कारमूर्ती करणारे पाहुणे बहुधा त्याच कचेरीचे प्रमुख असतात. त्यांनी भाषणाऐवजी अडलेल्या अर्जाचं काय झालं ते सभेला सांगावं. असा रिवाज पडला तर अर्धे पाहुणे येणार नाहीत, हे मला कळतं. न आलेल्यांचीही नोंद ठेवता येईल.

नकाराचंही तसंच. कोणी सन्मान नाकारला की ‘अहंकारी आहे’ म्हणून विषय मिटवतात, किंवा ‘किती हा साधेपणा’ म्हणून त्याचाही एक सत्कार करतात. बेट्स यांनी दिलेलं कारण दोन्हीत बसत नव्हतं. शेकडो लोकांची अजून भरपाई व्हायची आहे आणि त्यांचे हाल झाले तेव्हाच्या प्रमुखाचा सन्मान कायम आहे, तेव्हा मी हा घेऊ शकत नाही, असा त्याचा आशय होता. वर्षभरात व्हेनेल्स यांचा सन्मान गेला. २०२४ च्या जूनमध्ये बेट्स यांना ‘सर’ ही पदवी मिळाली आणि ती त्यांनी घेतली. भरपाईचं काम तेव्हाही पुरं झालेलं नव्हतं, आणि सरकारशी त्यांचं भांडण चालूच राहिलं.